पन्नास हजार कुठे द्यायचे? पहिल्यांदा देणगी देणाऱ्यांसाठी

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही भावंडांनी ठरवलं, वर्षश्राद्धाला दीडशे पानं उठवायची नाहीत. तोच पैसा कुठल्यातरी चांगल्या कामाला द्यायचा. आचारी, हॉल, किराणा असा हिशेब मांडला तर साधारण पन्नास हजार निघाले. ठरवायला पाच मिनिटं लागली, द्यायला सात महिने. दादाचं म्हणणं, गावच्या देवळाचा सभामंडप अर्धवट पडलाय, तिथे द्या. ताईला मुलींचं वसतिगृह हवं होतं. मला कॅन्सरच्या रुग्णांसाठी काहीतरी, कारण आईच्या शेवटच्या चार महिन्यांत मी तो मजला पाहिला होता.

भांडण नको म्हणून तीन वाटे केले, आणि माझ्या वाट्याचे वीस हजार मी घालवले. फोनवर एक मुलगी फार मायेने बोलली, 'काकू, आईंच्या नावाने एका बाळाची केमो होईल' म्हणाली, मी डोळे पुसत पैसे पाठवले. पावती आली. पुढे विवरणपत्र भरताना आमच्या सीएने ती पावती उलटीपालटी करून बाजूला ठेवली. तो फोन त्यानंतर कधी लागला नाही.

त्यानंतर मी हे सगळं शिकले, कुणी शिकवलं नाही म्हणून जरा उशिरा. आपल्याकडे दान 'सत्पात्री' पडावं असं घरोघरी म्हणतात, पण पात्र ओळखायचं कसं ते कुणी सांगत नाही. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. रक्कम पाचशे असो की पाच लाख, क्रम तोच.

हाताशी काय लागेल

- तुमचं पॅन कार्ड (कर सवलत हवी असेल तर)
- तुमच्या स्वतःच्या खात्याचं चेकबुक, नेट बँकिंग किंवा यूपीआय
- एक वही किंवा मोबाइलमध्ये एक फोल्डर, सगळ्या पावत्या एका जागी
- संस्थेकडून मागवायचे कागद: विश्वस्त नोंदणीचा क्रमांक, संस्थेचा पॅन, चालू ८०-जी प्रमाणपत्र (देणगीदाराला कर सवलत मिळते ती याच्या आधारावर), गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल
- परदेशात असाल तर पासपोर्टची प्रत

१. आधी रक्कम ठरवा

बहुतेक लोक उलटं करतात. एखादा व्हिडिओ बघतात, गलबलून येतं, आणि त्या क्षणी हाताला लागेल तेवढी रक्कम पाठवतात. मीही तेच केलं होतं. वर्षाचा आकडा आधी ठरला की कुणाला 'नाही' म्हणणं सोपं जातं, कारण 'यंदाचं ठरलंय हो' हे खरंच असतं.

रक्कम लहान आहे म्हणून संकोचू नका. अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' काढला तो दर माणशी वर्षाला एक पैसा या हिशेबाने, आणि त्या पैशा-पैशातून तळेगाव दाभाड्याचा काच कारखाना १९०८ साली उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तिच्या वसतिगृहांची चूल घरोघरच्या मूठभर धान्यावर पेटायची. मोठे दातेही लागतातच. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये पंधरा लाख दिले म्हणून कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला ठाकरसींच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलं. पण पंधरा लाखांचा दाता एकदाच येतो, मूठभर धान्य रोज यावं लागतं. संस्था चालवणाऱ्या कुणालाही विचारा, एकदम आलेल्या पन्नास हजारांपेक्षा दर महिन्याला न चुकता येणारे हजार रुपये त्यांना जास्त सोयीचे वाटतात. पगार महिन्याला द्यायचे असतात, वीजबिल महिन्याला येतं.

२. काम निवडा, संस्था मागाहून

'कुठली संस्था चांगली?' असा प्रश्न विचारलात की शंभर नावं येतील आणि तुम्ही गोंधळाल. 'मला कशासाठी द्यायचंय?' असा विचारलात तर यादी आपोआप आखडते. मुलींचं शिक्षण, पण कुठल्या मुली? ऊसतोड कामगारांच्या, की शहरातल्या वस्तीतल्या? वृद्धांसाठी, म्हणजे वृद्धाश्रम की घरी येऊन शुश्रूषा करणारे? जितकं बारीक विचाराल तितकं निवडणं सोपं.

आणि एक. जे काम डोळ्यांना दिसतं त्यालाच पैसे मिळतात, हे इतकी वर्षं बघून माझं पक्कं मत झालंय. इमारतीला दाते मिळतात, कोनशिलेवर नाव येतं. इमारतीत काम करणाऱ्या माणसाच्या पगाराला कुणी मिळत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन घ्यायचं, न्यूमोनिया ओळखायचा, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन द्यायचं. तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यात फोटो काढण्यासारखी इमारत कुठेच नाही. एक बाई, एक पिशवी, पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर.

देवळाच्या सभामंडपाला देऊ नका असं मी म्हणत नाहीये. दादाने दिले, गावाने मंडप पुरा केला, आता तिथे पावसाळ्यात अंगणवाडीची मुलं बसतात. श्रद्धेने द्यायचं तर श्रद्धेने द्या, फक्त त्यालाही पुढची पायरी लागू आहेच.

३. तीन क्रमांक मागा

दोन-तीन संस्था नक्की झाल्या की प्रत्येकीकडे तीन क्रमांक मागायचे. लाजायचं कारण नाही. चांगल्या संस्थांच्या माहितीपत्रकावर ते छापलेलेच असतात.

*पहिला, विश्वस्त नोंदणी क्रमांक.* महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदवावा लागतो. क्रमांकाआधी 'ई' किंवा 'एफ' यांसारखं अक्षर आणि सोबत जिल्ह्याचं नाव असतं. त्या जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात खातरजमा करता येते. (गणपती-नवरात्राच्या मंडळाची नोंदणी नसेल तर वर्गणी काढायला त्यांनाही याच कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. दारात पावतीपुस्तक घेऊन आलेल्या पोरांना एकदा हसत हसत विचारून बघा, चेहरे बघण्यासारखे होतात.)

*दुसरा, संस्थेचा पॅन.* इथे एक छोटी खूण सांगते. पॅनचं चौथं अक्षर बघायचं. 'टी' म्हणजे न्यास, 'ए' म्हणजे व्यक्तींचा संघ, 'सी' म्हणजे कंपनी, कारण काही सेवाभावी संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली नोंदवलेल्या असतात. आणि चौथं अक्षर 'पी' असेल तर तो एका माणसाचा पॅन आहे, संस्थेचा नव्हे. तिथेच थांबायचं.

*तिसरा, ८०-जीचा नोंदणी क्रमांक आणि त्याची मुदत.* माझे वीस हजार इथे अडकले. पावतीवर एका जुन्या प्रमाणपत्राचा हवाला होता आणि पुढे 'कायमस्वरूपी' असं ऐटीत छापलेलं. पूर्वी अशी कायमची प्रमाणपत्रं मिळायची, हे खरं. पण १ एप्रिल २०२१ पासून सगळ्याच संस्थांना नव्याने नोंदणी करावी लागली, आणि ही नवी नोंदणी ठरावीक मुदतीची असते, बहुतेकांची पाच वर्षांची. तेव्हा 'आमचं कायमचं आहे' असं कुणी म्हणालं तर नव्या नोंदणीचा आदेश दाखवा म्हणायचं. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादीही आहे, तिथे नाव किंवा पॅन टाकून पाहता येतं.

नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदवहीवजा संकेतस्थळावर संस्थेची नोंद आहे का, हेही बघा. पण तिथे नोंद असणं म्हणजे सरकारने संस्थेला शाबासकी दिली असं नाही. ती फक्त नोंद आहे. काही जण तो क्रमांक मानपत्रासारखा मिरवतात.

४. हिशेब वाचा

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. मी सीए नाही. मी औषधांच्या दुकानात अठ्ठावीस वर्षं खतावण्या लिहिल्या, तेवढंच. पण नोंदणीकृत न्यासाचा ताळेबंद वाचायला तेवढंही पुरतं, कारण महाराष्ट्रात त्याचा नमुना ठरलेला आहे. अनुसूची ८ म्हणजे ताळेबंद, अनुसूची ९ म्हणजे जमाखर्च. कुठलीही संस्था असो, ओळी त्याच.

आधी अनुसूची ९ काढा आणि खर्चाची बाजू बघा. वरच्या ओळींत आस्थापना खर्च, विश्वस्तांचं मानधन, लेखापरीक्षकाची फी, घसारा असं येतं. खाली एक ओळ असते, 'विश्वस्त व्यवस्थेच्या उद्देशांवरील खर्च'. तिच्या पोटात पाच खाने: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत, इतर धर्मादाय उद्देश. तुम्हाला मुलींच्या शिक्षणाची संस्था म्हणून सांगितलंय आणि 'शैक्षणिक' खान्यात किरकोळ आकडा आहे, तर फोन उचला आणि विचारा. कधी उत्तर साधं असतं, त्या वर्षी वसतिगृहाचं छप्पर उडालं, सगळा पैसा तिकडे गेला. कधी उत्तरच नसतं.

मग अनुसूची ८. बँकेत आणि मुदत ठेवीत किती आहे ते बघा. एखाद्या संस्थेकडे दोन-तीन वर्षांच्या खर्चाइतकी गंगाजळी असेल तर तो शहाणपणा आहे. दहा वर्षांच्या खर्चाइतकी ठेव आणि तरीही 'तातडीची गरज' असं पत्रक येत असेल तर मी माझे पैसे दुसरीकडे देते. त्यांचं काम वाईट असतं असं नाही, त्यांना माझी गरज नसते इतकंच.

तिसरा कागद लेखापरीक्षकाचा अहवाल. त्यात प्रश्नांची एक ठरलेली यादी असते आणि पुढे हो-नाही अशी उत्तरं. हिशेब नियमित ठेवले आहेत का, रोख शिल्लक कुणाच्या ताब्यात आहे. त्यातला एक प्रश्न मी न चुकता शोधते: कोणी विश्वस्त संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे का? म्हणजे अध्यक्षांनी संस्थेकडून उचल घेतली आहे का, किंवा संस्था अध्यक्षांना पैसे देणं लागते का. उत्तर 'हो' असलं की लगेच चोर ठरवू नका, लहान संस्थांमध्ये अडीनडीला विश्वस्तच स्वतःच्या खिशातून पैसे घालतात. पण विचारा जरूर.

आता पगाराबद्दल, कारण इथे चांगले चांगले लोक चुकतात. 'माझ्या शंभर रुपयांतले शंभर गरिबाच्या हातात पडले पाहिजेत' असं म्हणणारे खूप भेटतात. व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशकाचा पगार हेच काम आहे. शाळेत शिक्षिकेचा पगार हेच काम आहे. धान्याची पोती वाटणाऱ्या संस्थेचा पगारावरचा खर्च कमी दिसणार आणि समुपदेशन करणाऱ्या संस्थेचा जास्त, यावरून कोण बरं हे ठरत नाही. मी तर उलट घाबरते ते 'आमच्याकडे सगळे फुकट काम करतात' म्हणणाऱ्यांना. फुकट काम करणारं माणूस मुलीच्या लग्नाला गेलं की महिनाभर रजिस्टर कोण लिहिणार?

५. एक फोन, जमलं तर एक फेरी

फोनवर तीन प्रश्न पुरतात. गेल्या वर्षी काय करायचं ठरवलं होतं आणि काय जमलं नाही? दहा हजारांत नेमकं काय होतं? मी यायचं म्हटलं तर कधी येऊ? पहिल्या प्रश्नाचं उत्तर जी संस्था मोकळेपणाने देते, ती मला आवडते. 'सगळं उत्तम झालं' हे उत्तर मला खपत नाही. आमच्या घरातसुद्धा कुठल्या वर्षी सगळं उत्तम होत नाही.

ताईच्या वसतिगृहाला आम्ही दोघी न सांगता गेलो होतो. हे जरा आगाऊपणाचं होतं, तुम्ही कळवून जा. मुली शाळेत गेल्या होत्या. कार्यालयात कुणी नव्हतं, म्हणून आम्ही मागे स्वयंपाकघरात डोकावलो. दाराशी खिळ्याला दोऱ्याने बांधलेली एक दोनशे पानी वही लटकत होती. तारीख, हजर मुली, तांदूळ, डाळ, तेल, आणि शेवटी सही. आदल्या दिवशी ४३ मुली, त्या दिवशी ४१, दोघी तापाने घरी. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी आम्हाला चहा दिला आणि तो चहासुद्धा वहीत मांडला, 'पाहुणे २'. घरी येताना ताई म्हणाली, 'बघितलंस? चुलीपाशीसुद्धा हिशेब.' तिथे आम्ही अजून देतो.

मुलांच्या संस्थेत गेलात तर मुलांसोबत फोटो काढायचा आग्रह धरू नका. केक कापायचाही नको. त्या मुलांनी आठवड्यात चार अनोळखी लोकांचे वाढदिवस साजरे केलेले असतात.

६. पैसे देताना

- चेक संस्थेच्या नावाने, पूर्ण नाव लिहून. यूपीआय करताना नाव दिसेपर्यंत थांबा. तिथे संस्थेऐवजी माणसाचं नाव दिसलं तर पैसे पाठवू नका. 'आमचे खजिनदार आहेत' हे उत्तर चालणार नाही.
- पैसे *देण्यासाठी* समोरून आलेली यूपीआयची विनंती स्वीकारून पिन टाकू नका. क्यूआर कोड संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या, फिरून आलेल्या मेसेजमधून नको.
- रोख शक्यतो टाळा. दोन हजारांच्या वर रोख दिलेत तर त्या देणगीवर कर सवलत मिळतच नाही.
- तुमचा पैसा कायम ठेवीत राहावा आणि व्याजातून दरवर्षी आईच्या तिथीला जेवण व्हावं असं वाटत असेल, तर ही देणगी 'कॉर्पस' म्हणून देत आहे असं लेखी द्या. नाहीतर ती चालू खर्चात जमा होईल. मात्र एक सांगते. आमच्या ओळखीच्या एकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी अशी ठेव ठेवली, तिच्या आजच्या व्याजात पन्नास ताटं सोडा, पन्नास वाट्या आमटी होणार नाही. महागाई ठेवीला खाते. मी कायम ठेवीपेक्षा दरवर्षी नव्याने देते.

७. पावती, १०-बीई आणि कर

पावतीवर संस्थेचं नाव-पत्ता, पॅन, ८०-जी नोंदणी क्रमांक, तुमचं नाव, तुमचा पॅन, रक्कम अंकी आणि अक्षरी, देण्याचा प्रकार आणि तारीख हवी. पण हल्ली एवढ्यावर भागत नाही. २०२१-२२ पासून संस्थेला प्रत्येक दात्याची माहिती प्राप्तिकर खात्याला कळवावी लागते, आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत, आणि त्यातून तुमच्या नावाचं १०-बीई प्रमाणपत्र निघतं. सवलत मागायची तर ते हवं. म्हणून देतानाच पॅन नीट कळवा, शक्यतो लिहून. फोनवर सांगताना 'बी'चं 'डी' होतं. आमच्या दादाचं झालं, आणि दुरुस्त करून घ्यायला जुलै उजाडला. जूनच्या पहिल्या आठवड्यात संस्थेला एक आठवण करायची, म्हणजे धावपळ होत नाही.

सवलत किती? इथे लोकांचा फार गैरसमज आहे. दहा हजार दिले म्हणजे कर दहा हजारांनी कमी होत नाही. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या ५० टक्के रक्कम उत्पन्नातून वजा होते. समजा तुम्ही जुन्या करपद्धतीत २० टक्क्यांच्या टप्प्यात आहात आणि दहा हजार दिलेत. वजावट पाच हजार, त्यावरचा कर एक हजार, उपकर धरून वाचले १,०४० रुपये. शिवाय अशा संस्थांना दिलेली रक्कम तुमच्या समायोजित (म्हणजे इतर वजावटी वगैरे काढून उरलेल्या) उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपर्यंतच हिशेबात धरतात. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि मुख्यमंत्री सहायता निधी यांना मात्र १०० टक्के वजावट आहे.

आणि नव्या करपद्धतीत असाल तर काहीच नाही, शून्य. २०२३-२४ पासून नवी पद्धत हीच न सांगता धरलेली पद्धत झाली आहे, म्हणजे तुम्ही वेगळं निवडलं नसेल तर बहुधा तुम्ही नवीतच आहात. 'ताई, ८०-जी मिळेल' हे वाक्य ऐकून हुरळून जाण्याआधी हे तपासा. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, तेव्हा जुन्या क्रमांकांवर अडून न राहता भरायच्या वेळी सीएला विचारा. मी स्वतः नव्या पद्धतीत गेले आणि देणं तेवढंच ठेवलं. १,०४० रुपयांसाठी पद्धत बदलण्यात अर्थ नव्हता.

८. वस्तू देणार असाल तर

वस्तूंच्या देणगीवर ८०-जी नाही, हे आधी सांगून टाकते. आता दुसरं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, तेव्हा आमच्या सोसायटीने ट्रक भरला. मी पिशव्या बांधायला होते. जरीचे फाटके शालू, एकेकच बूट, मुदत उलटलेली सरबतं, आणि एका घरातून चक्क लग्नातला फेटा. लोकांनी कपाटं रिकामी केली. तिकडे चिखलात उभ्या असलेल्या बायकांना हवे होते कोरे अंतर्वस्त्र, सॅनिटरी पॅड, झाडू, फिनेल आणि कोरडं अंथरूण. आधी विचारलं असतं तर ट्रक निम्म्याने भरला असता आणि सगळा उपयोगी पडला असता.

नियम साधा ठेवा: जे तुम्ही बहिणीला द्याल तेच द्या, धुऊन, इस्त्री करून, आणि यादी विचारून.

९. रुग्णासाठी आलेली हाक

'तीन वर्षांच्या चिमुकल्याला वाचवा' असा मेसेज आठवड्याला एक येतोच. सगळे खोटे नसतात. पण पैसे पाठवण्याआधी त्या कुटुंबाला, किंवा मेसेज पाठवणाऱ्याला, हे विचारा: हॉस्पिटल धर्मादाय आहे का? महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. खूप कुटुंबांना हे ठाऊकच नसतं, किंवा दाखल होताना कुणी सांगत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो आजार बसतो का? मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज केलाय का? हॉस्पिटलमधल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटायला सांगा. कधी कधी तुमच्या दोन हजारांपेक्षा हा एक फोन त्या घराला जास्त उपयोगी पडतो.

मग पैसे द्यायचेच तर थेट हॉस्पिटलच्या खात्यात, रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहून.

१०. परदेशातून देणार असाल तर

माझी भाची न्यू जर्सीत असते, तिच्यासाठी शोधलेलं इथे देते. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून, बँकेच्या नेहमीच्या मार्गाने दिलंत, तर ती परकीय देणगी धरत नाहीत. संस्था पासपोर्टची प्रत मागेल, द्या. पण नागरिकत्व बदललं असेल तर, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड असलं तरी, तुम्ही परकीय स्रोत ठरता. मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच जायला हवेत. 'मामाच्या खात्यावर टाकते, तो देईल' हा सोपा वाटणारा उपाय करू नका. त्याने संस्थेचीच नोंदणी धोक्यात येते.

यंदा आईच्या तिथीला आम्ही तिघं पुन्हा ताईकडे जमलो. सभामंडप झाला, आता गावात वाचनालय काढायचं चाललंय आणि त्यासाठी दादाकडे पंचवीस हजार मागायला दोघं जण आले होते. दादाने त्यांना चहा पाजला, चष्मा लावला, आणि विचारलं, 'अनुसूची ९ आणलीत का?' ते बघतच राहिले. पुढच्या रविवारी आणतो म्हणून गेलेत.